गर्भपात नव्हे, करसवलत!



‘धर्म आणि मतपेटी’ या लेखात (रविवार पुरवणी) अमेरिकेतील इव्हँजेलिकल ख्रिस्ती १९७३च्या गर्भपातविषयक निकालाने पेटून राजकारणात उतरले, असे म्हटले आहे. हा समज सर्रास आढळतो, पण इतिहासकार रँडल बामर तो खोडून काढतात. ते स्वतः याच पंथात वाढलेले, हे विशेष.

निकालाच्या दोनच वर्षे आधी, १९७१मध्ये, सदर्न बॅप्टिस्टांच्या अधिवेशनाने काही परिस्थितींत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी, असा ठराव केला होता. बामर यांच्या मते खरी ठिणगी पडली ती महाविद्यालयाच्या आवारात. साउथ कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाने १९७१पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच दिला नव्हता. पुढे प्रवेश मिळाला, पण आंतरवंशीय प्रेमसंबंधांना बंदी! सरकारने करसवलत काढली आणि धर्मस्वातंत्र्यावर घाला आल्याची ओरड झाली. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठाविरुद्ध निकाल दिला. ती बंदी मात्र उठली २०००मध्ये.

तरीही ‘इव्हँजेलिकल म्हणजे शिक्षणाचे वैरी’ हे लेखकाचे विधान एकांगी आहे. पुनरुज्जीवनवादी धर्मोपदेशक चार्ल्स फिनी ज्या ओबरलिन कॉलेजचे पुढे अध्यक्ष झाले, तिथे १८३५पासूनच कृष्णवर्णीयांना दार खुले होते. आपल्याकडे अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फरार याच धर्मपरंपरेतल्या. ती शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती.

एकाच झाडाची ही दोन फळे. लेखकाने दुसरेही चाखायला हवे होते.

– एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा