जागा पंधरा जीबी, पण मराठी पत्त्याला थारा नाही

मोफत ईमेल सेवेत काही नवं आलं की आपण हरखून जातो. जागा वाढली, नवं बटण आलं, आता तर आपण अर्धं वाक्य लिहिलं की उरलेलं यंत्रच सुचवतं! कौतुकाला माझी ना नाही. पण या सगळ्या भरभराटीत मराठी माणसाला स्वतःच्या लिपीतला पत्ता अजून का मिळत नाही, हे मला कुणी समजावून सांगेल काय?

थोडी उजळणी करू. हॉटमेल १९९६ साली सुरू झालं. मुंबईचं रेडिफही त्याच वर्षीचं, आणि त्यांच्या रेडिफमेलवरून कितीतरी मराठी लोकांनी आयुष्यातला पहिला ईमेल पाठवला. तेव्हा दोन-चार एमबीत संसार करावा लागे. एखादा मोठा फोटो आला की जुनी पत्रं पुसा! १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं ते थेट एक जीबी घेऊन. तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली. २०१३ साली पंधरा जीबी झाली, ड्राइव्ह आणि फोटो त्यातच धरून. म्हणजे नऊ वर्षांत जागा पंधरापट. जीमेलचा पडदाही मराठीत करून घेता येतो. पत्ता मात्र रोमनच.

आता शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईला चला. भीमेकाठचं गाव, नदीपलीकडे दौंड तालुका. गावाच्या नावातला ‘व’ मराठीत एकच. रोमनमध्ये कुणी ‘व’साठी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू. गावाची ही गत, मग माणसांची काय सांगावी? काळे आणि काले रोमनमध्ये एकच होतात, कारण ‘ळ’ला तिथे अक्षरच नाही. हवं ते नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असतं, म्हणून शेपटीला आकडे. असा पत्ता सातवी शिकलेल्या शेतकऱ्याने पाठ कसा करायचा?

तो करतही नाही. अर्ज भरायला गेलं की केंद्रावरचा पोरगा खातं उघडून देतो. पत्ता आणि पासवर्ड त्याच्याच वहीत. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. ज्या पेटीत आपली पत्रं येतात तिची किल्ली दुसऱ्याकडे, आणि पेटीवर लिहिलेलं नावही आपल्याला वाचता येत नाही. शिवाय डिसेंबर २०२३ पासून नियम असा, की खातं दोन वर्षं वापरलं नाही तर कंपनी ते पुसू शकते. ज्याला आपलं खातं कुठलं हेच ठाऊक नाही, त्याने ते वापरायचं कसं?

कुणी म्हणेल, तांत्रिक अडचण असेल. ती केव्हाच सुटली आहे. इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतल्या ईमेल पत्त्यांची मानकं २०१२ साली ठरली. ऑगस्ट २०१४ मध्ये जीमेल अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करू लागलं, आणि हे पहिलं पाऊल आहे असं कंपनीनेच म्हटलं. त्याच महिन्यात ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन खुलं झालं, मराठीसकट. जयपूरच्या एका कंपनीने २०१६ मध्ये डेटामेल काढून भारतीय लिप्यांत पत्ते दिले. २०१७ मध्ये राजस्थान सरकारने आपल्या रहिवाशांना हिंदीत मोफत पत्ते देऊ केले. जीमेलवर मात्र नवं खातं काढताना आजही रोमन अक्षरं, आकडे आणि टिंबच चालतात. पहिल्या पावलानंतर दुसरं कधी पडायचं?

“फुकट मिळतंय, वर तक्रार कसली?” हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. २०१७ पर्यंत हीच पत्रं यंत्राने चाळून आपल्याला जाहिराती दाखवल्या जात होत्या. किंमत आपण मोजलेली आहे. “आता सगळं व्हॉट्सअॅपवर चालतं” हेही अर्धसत्य. नोकरीचा अर्ज भरून बघा, कॉलेजचा प्रवेश घेऊन बघा. ईमेलचा रकाना पुढे येतोच. “परदेशातला माणूस देवनागरी टंकणार कसा?” हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याला उत्तर, एकाच पेटीला दोन पत्ते: एक देवनागरी, एक रोमन. ज्याला जो जमेल तो त्याने वापरावा.

पण सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. मागितल्याशिवाय कोण देतं? एके काळी मराठी संकेतस्थळांवर आपण ईमेलला हौसेने ‘विरोप’ म्हणत होतो. शब्द घडवला, पत्ता मागायचा राहून गेला. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता राज्य सरकारने दोन कामं करावीत. आपल्या प्रत्येक ऑनलाइन अर्जात देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारला जाईल असं बघावं, आणि राजस्थानने २०१७ मध्ये केलं तसं, मागेल त्याला मराठी पत्ता द्यावा. सरकारी अर्जांत असे पत्ते येऊ लागले की मोठ्या कंपन्यांनाही ते द्यावे लागतील. गिऱ्हाईक कुठे आहे हे त्यांना बरोबर कळतं.