विश्लेषण: पाटगावच्या मधाचा मातीतल्या बुरशीशी काय संबंध?

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ ठरलं. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगावही ‘मधाचं गाव’ झालं. अशा योजनांची चर्चा मधपेट्या आणि किलोंच्या हिशेबात होते. पण हा मध डोळ्यांना न दिसणाऱ्या दोन वसाहतींवर अवलंबून आहे: एक झाडाच्या मुळाशी, दुसरी माशीच्या पोटात.

मुळाशी काय घडतं?

सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे. त्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असतं. त्यात स्फुरद अडकून पडतो आणि मुळांना सहज मिळत नाही. इथे ‘मायकोरायझा’ बुरशी कामाला येते. ती मुळांत शिरते, केसापेक्षा बारीक धागे मातीत पसरवते आणि स्फुरद आणून देते. मोबदल्यात झाड तिला साखर पुरवतं. ही बुरशी असेल तर फुलं आणि मकरंद वाढतो, असं काही वनस्पतींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

माशीच्या पोटात काय असतं?

कोषातून बाहेर आलेल्या माशीच्या आतड्यात जिवाणू जवळपास नसतातच. पोळ्यातल्या इतर माश्यांच्या संपर्कातून ते तिला काही दिवसांत मिळतात. पराग पचवायला आणि रोगजंतूंना रोखायला ते मदत करतात.

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये युरोपीय मधमाश्यांवर प्रयोग केला. ग्लायफोसेट या तणनाशकामुळे माश्यांच्या पोटातले उपयुक्त जिवाणू घटले आणि जंतुसंसर्गाने मरणाऱ्या माश्या वाढल्या. आपल्याकडच्या सातेरी माशीच्या पोटातही यातले बरेच जिवाणू गट असतात. म्हणजे तणनाशक माशीला थेट मारत नसलं, तरी तिला दुबळं करू शकतं.

मग धोका कुठे आहे?

जांभ्याच्या याच पठारांवर बॉक्साइटही सापडतं. खाणीसाठी वरची माती खरवडली की बुरशीचं जाळं तुटतं. नंतर रोपं लावता येतात, पण मातीतलं जाळं पुन्हा विणलं जायला बराच काळ लागतो. शिवाय सातेरी माशी जुन्या झाडांच्या ढोलीत घर करते आणि नव्या रोपाला ढोली नसते.

पुढे काय?

केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ ला पश्चिम घाटासाठी सहावी मसुदा अधिसूचना काढली. त्यात महाराष्ट्रातलं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील म्हणून प्रस्तावित आहे. तिथे नव्या खाणींना बंदी आणि चालू खाणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याची तरतूद आहे. कोल्हापुरातली अनेक गावंही या यादीत आहेत.

या निर्बंधांवर वाद होतो तो बहुतेकदा ‘जंगल की रोजगार’ असा. पाटगावात मात्र जंगल हाच रोजगार आहे. म्हणून तिथे मधपेट्यांइतकीच माती आणि जुनी झाडंही मोजायला हवीत.