रुमालाखालचा दर

मंडळी, ह्या शनिवारी कोड नाही, फ्रेमवर्कची भांडणं नाहीत. आज बिलाबद्दल बोलायचंय. हॉस्पिटलच्या.

कोल्हापुरात कुणाला ऍडमिट करायला गेलात तर एक गोष्ट नीट बघा. "मेडिक्लेम आहे का?" हा प्रश्न कितव्या नंबरला येतो? बऱ्याच ठिकाणी "काय होतंय?"च्या आधी. आपल्याला वाटतं, आपली सोय बघतायत. सोय असतेच, नाही असं नाही. पण राजारामपुरीत एखाद्या दुकानात शिरल्या शिरल्या मालकानं "खिशात किती आहेत?" असं विचारलं आणि मग वस्तूची किंमत सांगितली, तर आपण त्याला काय म्हणू? (कोल्हापुरी माणूस काय म्हणेल ते इथे लिहिता येणार नाही. :-) ) हॉस्पिटलच्या काउंटरवर मात्र आपण मुकाट्याने कार्ड पुढे करतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: आपला हप्ता दरवर्षी उडी मारतो त्याचं मोठं कारण म्हणजे उपचाराचा दर उघड नाही. जो दर उघड नाही तो खाली येत नाही.

आधी आकडे. एऑन ह्या सल्लागार कंपनीने कंपन्यांच्या आरोग्य विम्यासाठी २०२५ सालचा जो अंदाज दिला, त्यात भारतातली वाढ १३ टक्के होती. १३ टक्क्यांनी खर्च साधारण पावणेसहा वर्षांत दुप्पट होतो. आपला पगार होतो का? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा व्हॉट्सऍपवर पेढे वाटले गेले. छानच झालं. पण हप्ता ह्या १३ टक्क्यांच्या वेगाने वाढला तर ती सगळी सूट दीड वर्षाच्या आत परत जाते. म्हणजे बग तसाच ठेवून फक्त सर्व्हर मोठा घेतला.

आता तो बग कुठे आहे ते बघू.

पूर्वी बाजारात 'हत्ता' नावाची पद्धत होती. व्यापारी आणि दलाल रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा, पण रुमालाखाली काय ठरलं ते त्याला कळायचं नाही. ते मोडण्यासाठी बाजार समित्यांचे कायदे झाले, उघड लिलाव आले. आज शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा चारचौघांत बोली लावून होतो. गुळाच्या रव्याला जो न्याय मिळाला तो ऍपेंडिक्सच्या ऑपरेशनला अजून मिळालेला नाही. तिथे हॉस्पिटल आणि विमा कंपनी (किंवा तिची टीपीए) ह्यांचे हात अजून रुमालाखालीच आहेत, आणि शेजारी उभे आहोत आपण.

म्हणून एकाच शस्त्रक्रियेचे तीन-चार दर असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पॅकेज दर वेगळा, केंद्र सरकारच्या सीजीएचएसचा वेगळा, विमा कंपनीशी करारात ठरलेला वेगळा आणि रोख भरणाऱ्याचा वेगळा. चाकू तोच, सर्जन तोच, भूल तीच.

त्यात खोलीचा खेळ. जनरल वॉर्डातून सिंगल रूममध्ये गेलात की नुसतं खोलीचं भाडं वाढत नाही, अनेक हॉस्पिटलांत सर्जनची फी, ओटीचा चार्ज, व्हिजिटची फी, सगळंच वाढतं. ऑपरेशन थिएटरला काय माहीत पेशंट कुठल्या खोलीतून आला! आता समजा तुमच्या आईबाबांची ३ लाखांची जुनी पॉलिसी आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. तुम्ही ५,०००ची खोली घेतली. पाच दिवसांचे २५,०००, सर्जन-ओटी-नर्सिंगचे ८०,०००, औषधं आणि इतर साहित्य ४५,०००. बिल दीड लाख. तुम्हाला वाटतं, खोलीचे वरचे १०,००० आपण भरू. पण कंपनी ८०,००० मधलेही ६० टक्केच देते. खिशातून जातात ४२,०००. गंमत म्हणजे जे हॉस्पिटल खोलीप्रमाणे दर बदलत नाही, तिथे ही कपात करायची नाही असं विमा नियामकाच्या २०२० च्या नियमांत आहे. म्हणजे एकच दर ठेवणारं हॉस्पिटल पेशंटला आपोआप वाचवतं. ऍडमिट होताना हे आपल्याला कोण सांगतं?

आणि औषधांचं काय? "एमआरपी छापलेली असते की" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. राष्ट्रीय औषध दर प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली. काही वस्तूंवर नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. तोही एमआरपीच्या आत राहून! कारण घाऊक खरेदी करणारं हॉस्पिटल स्वस्त वस्तू मागत नाही, जास्त एमआरपी छापलेली वस्तू मागतं. किरकोळ बाजारात दुकानदार आपल्याला खेचण्यासाठी किंमत पाडतो. इथे विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा आणि पैसे भरणारा तिसरा.

मग तो तिसरा, म्हणजे विमा कंपनी, आपल्यासाठी भांडत असेल ना? एका मर्यादेपर्यंत भांडते. पण नियामकाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या कमिशन-पगार-जाहिरात वगैरे खर्चाची मर्यादा हप्त्याच्या टक्केवारीत आहे: जनरल कंपन्यांना ३० टक्के, निव्वळ आरोग्य विमा कंपन्यांना ३५ टक्के. हप्ता फुगला की ही मर्यादाही फुगते. आज दर चढले तर पुढच्या रिन्यूअलला वसूल. म्हणजे दर कायमचे खाली यावेत ही निकड ह्या टेबलावर एकाचीही नाही. ती ज्याची आहे त्याला टेबलावर खुर्चीच नाही.

आता आपल्या आयटीवाल्यांकडे वळतो. "कंपनीचं पाच लाखांचं कव्हर आहे, आपल्याला काय?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा रिंगटोन करावा. अरे भावा, नोकरी सुटली की ते कव्हरही बहुधा त्याच दिवशी सुटतं. आणि तुझं वय २८ असलं तरी बाबांचं ६२ आहे. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये आला. बरं झालं. पण पेन्शन दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते का? माझ्या ओळखीतल्या दोन घरांनी आईबाबांची पॉलिसी ह्याच कारणाने सोडली. ज्या वयात ती लागणार, नेमक्या त्याच वयात. आपण "वापरलं नाही तर वाया जाईल" म्हणून केलेल्या ऍडमिशनचं बिल शेवटी त्याच रांगेत येऊन बसतं.

डॉक्टर मित्र म्हणतात, "आमचंही ऐका." ऐकलं. यंत्रांची कर्जं आहेत, शिक्षणाचा खर्च आहे, विमा कंपन्या जुने दर वर्षानुवर्षं वाढवत नाहीत, क्लेमचे पैसे अडकतात. ह्यात तथ्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हॉस्पिटलांच्या एका संघटनेने ह्याच कारणावरून दोन विमा कंपन्यांची कॅशलेस सेवा थांबवायचा इशारा दिला होता. दहा-पंधरा खाटांचं नर्सिंग होम चालवणाऱ्या डॉक्टरची कोंडी खरीच आहे. पण मग रुमाल काढायला तुम्हीच पुढे या ना! तुमचा दर भिंतीवर लागला तर कंपनी तुम्हाला किती कमी देते तेही लोकांना दिसेल. गुप्ततेचा फायदा मोठ्या साखळी हॉस्पिटलांना जास्त, तुम्हाला कमी.

"दर बांधले की दर्जा पडतो" हा पुढचा मुद्दा. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटची कमाल किंमत ठरली. औषधी स्टेंट लाखाच्या वरून ३० हजारांच्या आत आला. ऍंजिओप्लास्टी बंद पडली का? मे २०२० मध्ये कोरोनासाठी आपल्या राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या ८० टक्के खाटांवर रोजचे दर ठरवून दिले: वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. पळवाटा निघाल्या, तक्रारी झाल्या, पण दर काय आहे हे पहिल्यांदा पेशंटच्या नातेवाइकाला माहीत होतं आणि तो बोट ठेवून विचारू शकत होता.

मी तर दर बांधायचंही म्हणत नाही. मी फक्त तो लिहा म्हणतोय. आणि त्यासाठी नवा कायदाही नको. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, पण आपल्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली जानेवारी २०२१ मध्ये सुधारित नियम निघाले. त्यांत पंधरा बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. शहरात देखरेख महापालिकेची. आता पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल, तेव्हा तो फलक शोधा. मी गेल्या वर्षभरात चार ठिकाणी शोधला. एका ठिकाणी सापडला, तोही कुंडीच्या मागे.

तर तीन कामं आहेत. एक, ऍडमिशनच्या आधी (इमर्जन्सी नसेल तर) अंदाजपत्रक लेखी मागा, आणि विमा असताना आणि नसताना, दोन्ही. दोन, दरफलक नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीन, कंपनीच्या एचआरला विचारा की आपल्या ग्रुप पॉलिसीच्या टीपीएने कोल्हापुरातल्या आणि पुण्यातल्या हॉस्पिटलांशी काय दर ठरवलेत. करारात गोपनीयता आहे असं उत्तर आलं तर उत्तम, ते उत्तर ईमेलवर मागा.

नऊशे रुपयांचा हेडफोन घेताना आपण चार साइटवर भाव बघतो. तीन लाखांच्या ऑपरेशनचा भाव विचारायला लाजायचं काही कारण नाही.