समुद्र हीच आपली विहीर

नरक चतुर्दशीच्या पहाटे दोह्यात आपण उटणं लावून अभ्यंगस्नान करतो, तेव्हा अंगावर पडणारं पाणी समुद्राचं असतं. चकलीचं पीठ भिजतं तेही समुद्राच्याच पाण्यात. कतारमध्ये नदी नाही आणि पाऊस नावापुरता. नळाला येणारं जवळजवळ सगळं पिण्याचं पाणी रास अबू फॉन्तास, उम्म अल हूल, रास लफ्फान इथल्या प्रकल्पांत समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढून तयार होतं. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना याचं नवल वाटत नाही. गावाकडच्या आजीला हे सांगितलं, तर ती आधी विचारेल, "मग त्या विहिरीची राखण कोण करतं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. गावात पिण्याच्या विहिरीवर कोणी गुरं धूत नसे. आपण ज्या समुद्राचं पाणी पितो, त्यात मात्र दुसऱ्या विहिरीही आहेत, तेलाच्या आणि वायूच्या. १९६०मध्ये इद्द अल शर्गी इथे कतारला समुद्राखाली तेल सापडलं. पुढे मैदान महझम, बुल हनीन, अल शाहीन ही क्षेत्रं आली. आपल्यापैकी अनेकांच्या घरची चूल याच उद्योगावर पेटते. बाकीच्यांचे पगार, शाळा, रस्ते आणि हे मंडळसुद्धा शेवटी त्याच्याच आधाराने उभे आहेत. त्यामुळे 'तेल काढणं बंद करा' असं मी म्हणणार नाही. ते म्हणून त्याच तेलावर उडणाऱ्या विमानाने सुट्टीला घरी जायचं, हे काही खरं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की, या उद्योगाचं मीठ खाणाऱ्यांनीच समुद्राच्या सुरक्षेचा आग्रह सर्वांत आधी धरायला हवा.

आपलं आखात इतर समुद्रांसारखं नाही. त्याची सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी. मोठ्या समुद्राशी त्याचा संबंध होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतूनच येतो आणि आतलं पाणी बदलायला काही वर्षं लागतात. उन्हाळ्यात पाणी तापतं, खारटपणाही जास्त. इथले मासे आणि प्रवाळ आधीच सहनशक्तीच्या टोकावर जगतात. अशा उथळ, जवळजवळ बंद भांड्यात तेल सांडलं तर ते जाणार कुठे?

याचं उत्तर इतिहासात आहे. १९८३मध्ये, इराण-इराक युद्धाच्या काळात, इराणच्या नवरोझ तेलक्षेत्रात आधी एका टँकरची फलाटाला धडक बसली आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्या फलाटावर हल्ला झाला. गळती महिनोन्‌महिने चालली. शेवटची विहीर बंद व्हायला १९८५ उजाडलं. त्या काळात आखाताच्या किनाऱ्यांवर डुगाँग, म्हणजे समुद्रगायी, मरून पडलेल्या सापडल्या. १९९१च्या युद्धात कुवेतमध्ये इराकी सैन्याने लाखो पिंपं तेल समुद्रात सोडलं. सौदीतल्या जुबैलचा पाण्याचा प्रकल्प वाचवण्यासाठी समुद्रात तरंगते अडसर लावावे लागले. प्रकल्प वाचला, पण सौदीचा शेकडो किलोमीटर किनारा काळा झाला. तिथल्या खाजणांच्या चिखलाखाली ते तेल कित्येक वर्षांनंतरही संशोधकांना सापडत होतं.

हे युद्धाचे प्रसंग झाले, असं कोणी म्हणेल. पण तेल सांडायला युद्धच लागतं असं नाही. एप्रिल २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन'चा स्फोट झाला. ११ माणसं गेली आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तिथे दाबाच्या चाचणीचे आकडे धोका दाखवत होते. त्यांचा सोयीचा अर्थ लावला गेला. आपल्या बॉम्बे हायचं उदाहरण तर घरचंच. १९७४मध्ये 'सागर सम्राट'ने तिथे तेल शोधलं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राची छाती फुगली होती. २७ जुलै २००५ला, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका जखमी स्वयंपाक्याला फलाटावर पोहोचवण्यासाठी जवळ आलेलं जहाज तेलवायूच्या उभ्या पाइपवर आदळलं. आग लागली, काही तासांत फलाट कोसळला आणि २२ जण गेले. कारण केवढं आणि परिणाम केवढा!

मग तेल सांडल्यावर इथल्या पाण्याचं काय होतं? पडद्यांतून पाणी गाळणाऱ्या प्रकल्पात तेलाने पडदेच निकामी होतात. पाणी उकळून वाफ धरणाऱ्या प्रकल्पात तेलातले हलके घटक वाफेबरोबर पाण्यात उतरू शकतात. म्हणून तवंग जवळ आला की समुद्रातून पाणी घेणंच थांबवावं लागतं. कतारने हा धोका ओळखला आहे. 'कहरामा'ने बांधलेल्या महाकाय जलाशयांचं २०१८च्या डिसेंबरमध्ये उद्घाटन झालं; देशाला सात दिवस पुरेल एवढं पाणी साठवणं हा त्यामागचा हेतू. हे दूरदृष्टीचं काम आहे आणि त्याचं मनापासून कौतुक करायला हवं. पण सात दिवस आणि ८७ दिवस हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की साठवण हा दुसरा उपाय ठरतो. पहिला उपाय म्हणजे सांडू न देणं.

सांडलेल्या तेलाची किंमत कोण मोजतं, तेही पाहू. ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली आणि सुमारे ८०० टन तेल सांडलं. ही विहीर नव्हे, जहाजांची टक्कर होती. पण खारफुटी काळी पडली आणि भीतीपोटी मासळीला गिऱ्हाईक मिळेना. चूक समुद्रातल्या जहाजांची, पाटी रिकामी कोळणीची. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात डांबराचे गोळे वाहून येतात, ते पायाला चिकटल्यावर कोणी विचारतही नाही की हे कोणाचं.

टँकरमधून तेल सांडलं तर भरपाईसाठी आंतरराष्ट्रीय करार आणि निधी आहेत. समुद्रातल्या विहिरीतून सांडलं तर सगळ्या जगाला लागू होणारा तसा करार नाही. २००९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या मॉन्टारा विहिरीतून दोन महिन्यांहून अधिक काळ तेल वाहिलं. इंडोनेशियात समुद्री शेवाळाची शेती करणाऱ्या हजारो कुटुंबांचं पीक गेलं. ऑस्ट्रेलियातल्या कोर्टात लढून तडजोडीची रक्कम ठरायला २०२२ उजाडलं. आपल्या आखाताला आठ देशांचे किनारे आहेत. इथे तेल सांडलं, तर ते कोणत्या देशाच्या हद्दीत थांबायचं हे लाटांना कोण सांगणार?

मग आपल्या हातात काय आहे? पुष्कळ आहे. आपल्यातले इंजिनीअर, ऑपरेटर, सेफ्टी ऑफिसर रोज टूलबॉक्स टॉक घेतात. कामगाराच्या बोटाला खरचटलं तरी नोंद होते, आणि व्हायलाच हवी. तोच कडकपणा पाण्यावर दिसणाऱ्या छोट्या तवंगाला, गळक्या फ्लँजला, समुद्रात सोडल्या जाणाऱ्या तेलकट पाण्याला लावावा. काम थांबवण्याचा अधिकार माणसासाठी वापरतो तसा समुद्रासाठीही वापरावा. फलाटावरच्या माणसाची नजर किती मोलाची असते याचं सुंदर उदाहरण कतारमध्येच आहे. अल शाहीनच्या फलाटांभोवती उन्हाळ्यात शेकडो व्हेल शार्क माशांची अंडी खायला जमतात. हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं ते फलाटावरच्या एका कर्मचाऱ्याने काढलेल्या फोटोंमुळे. त्याने नुसतं पाहिलं नाही, चार लोकांना दाखवलं.

इथे वाढलेल्या मुलांकडूनही मोठी अपेक्षा आहे. तुमच्यातले काही जण उद्या कायदा शिकतील, काही समुद्रशास्त्र, काही याच उद्योगात येतील. विहिरीतून होणाऱ्या गळतीच्या भरपाईचा करार अजून व्हायचा आहे. तो लिहिणाऱ्यांत तुम्ही का नसावं? जगात ऑस्ट्रेलियाखालोखाल सर्वाधिक डुगाँग या आखातात आहेत, आणि कतार-बहरीनच्या मधल्या पाण्यात त्यांचे मोठे कळप दिसतात. ते तुमचे शेजारी आहेत, मुंबईच्या कोळीवाड्यातल्या आजीइतकेच.

तेलाआधी या किनाऱ्याची ओळख मोत्यांची होती, आणि ते मोती विकायला मुंबईला जात. मोत्यांचा धंदा संपला तरी समुद्र उरला, म्हणून पुढची पिढी जगली. तेलही कधीतरी संपेल. तेव्हाही इथल्या माणसांना तहान लागेल, आणि पाणी याच समुद्रातून घ्यावं लागेल. तो पिण्याजोगा ठेवणं, हे या मिठाला जागणं आहे.