डाएट कुणाचे आणि ताट कुणाचे?

सध्या 'डाएट' या शब्दाने धुमाकूळ घातला आहे. कुणी कीटो करतो, कुणी सोळा तास उपाशी राहतो, कुणी ग्लुटेनमुक्त पीठ मागवतो. मोबाईलवर रोज नवा आहारगुरू जन्माला येतो. पेण, रोह्याच्या वस्त्यांतही हे वारे पोहोचले आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे आता केवळ श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. खुद्द बाबासाहेबांनाही मधुमेहाने अखेरची वर्षे छळले. म्हणूनच चळवळीच्या माणसाने या विषयावर स्पष्ट बोलले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

वास्तविक पाहता आहारपद्धती हे एक प्रकारचे औषधच आहे, आणि औषध रोग पाहून घ्यायचे असते. कीटो आहार १९२० च्या दशकात अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांसाठी योजला गेला. वजन उतरविण्याची टूम फार पुढची. ग्लुटेनमुक्त आहार गहू न सोसणाऱ्या सिलिॲकच्या रुग्णांसाठी आहे. 'डॅश' आहार रक्तदाबासाठी आहे. त्यात भाज्या, फळे, डाळी भरपूर आणि मीठ कमी असते. भूमध्य सागराकाठचा आहार हृदयासाठी चांगला मानतात. त्यात मासे, कडधान्ये, भाज्या व अख्खी धान्ये येतात. क्षयरोग्याला प्रथिने वाढवून लागतात, तर मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना तीच मोजून खावी लागतात. शेजाऱ्याला मानवले म्हणून आपणही केले, हे आहारशास्त्र नव्हे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता उपास धरला तर साखर एकदम उतरून जिवावर बेतू शकते.

आता आपल्या ताटाकडे पाहू. तांदळाच्या भाकरीत ग्लुटेन नाही, नाचणीतही नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. वालाच्या बिरड्यात प्रथिनेही आहेत आणि चोथाही. जवळा, सुकट काट्याकवचासकट पोटात जाते, त्यामुळे प्रथिनांबरोबर कॅल्शियमही मिळते. हिवाळ्यातली पोपटी घ्या. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात मडक्यात भाजायची, तेलाचा थेंब नाही. भूमध्य सागराचे कौतुक करणाऱ्यांनी धरमतरच्या खाडीकाठी एकदा जेवून पाहावे!

मात्र आपल्या ताटातले दोषही झाकता कामा नयेत. पेणचे पापड आणि मिरगुंडे नावाजलेली आहेत. पण जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही इतके मीठ खा म्हणते. रक्तदाबाच्या माणसाने रोज पापड, लोणचे आणि खारवलेली मासळी खाल्ली तर गोळी काय करणार? मधुमेही माणसाने सकाळी पोहे, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात खाणे योग्य नाही. भात अर्धा करावा, वाल, भाजी, मासळी वाढवावी. यात एक पैसाही जास्त लागत नाही.

पण प्रश्न एवढ्यावर संपत नाही. ज्यांच्याकडे ताटच भरलेले नाही, त्यांनी कोणते डाएट करायचे? पावसाळा सरला की आपले कातकरी बांधव पोराबाळांसह वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर जातात. त्यांचा उपास हौसेचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत तो ४८ टक्के होता. म्हणजे एकीकडे वजन उतरविण्याचे वर्ग भरतात आणि दुसरीकडे निम्म्याहून अधिक आयाबहिणींच्या अंगात पुरेसे रक्त नाही!

अशा राज्यात शाळेच्या ताटातले अंडेही टिकले नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले. न खाणाऱ्या मुलांना केळ्याचा पर्याय होताच. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी बंद केला आणि हवे तर लोकसहभागातून द्या, असे सांगितले. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रथिने असतात. ज्या वाडीत मजुरीवर चूल पेटते, तिथे लोकसहभाग कुणाचा घ्यायचा? ज्यांच्या घरी सर्व काही आहे त्यांच्या मुलांचे काही बिघडत नाही; तोटा होतो तो फक्त गरीब बहुजनांच्या लेकरांचा.

आहाराचा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १९२७ साली याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला बाबासाहेबांनी पाण्याच्या हक्काबरोबरच मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडण्यास सांगितले. आपल्या पोटात काय जावे हे लाचारीने ठरू नये, स्वाभिमानाने ठरावे, हाच त्याचा अर्थ. तथागतांनीही अतिभोजनाने जड झालेल्या कोसलच्या प्रसेनजित राजाला कर्मकांड सांगितले नाही, भोजनातली मात्रा सांगितली. राजाने भात हळूहळू कमी केला आणि तो हलका झाला. शुद्ध-अशुद्धाची भाषा धर्ममार्तंडांची आहे; आपली भाषा मात्रेची, विज्ञानाची आणि हक्काची असली पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे सरळ आहे. पेण आणि रोह्याच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या वारी आहारतज्ज्ञ बसावा, आणि त्याने पथ्य सांगताना ओट्स व ऑलिव्ह तेल न सांगता नाचणी, वाल आणि सुकट सांगावी. शाळेतले अंडे शासनाच्या पैशाने परत यावे. विहाराविहारांतून महिला मंडळांनी रक्त, साखर आणि रक्तदाब तपासणी घडवून आणावी. क्षयरोग्याला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मंजूर आहेत. ते आपल्या वस्तीतल्या रुग्णाच्या खात्यात पडतात की नाही, हे कार्यकर्त्यांनी पाहावे.

बांधवांनो, डाएट जरूर करा, पण रोग ओळखून करा. आणि आपले ताट मोजताना शेजारच्या वाडीतले ताट रिकामे तर नाही ना, हेही पाहा.