‘कुड’ म्हणजे ‘शकलो’ नव्हे

सीमाभागातील आपली मुले इंग्रजी शिकतात ती बहुधा एका सूत्राने: ‘कॅन’ म्हणजे शकतो, ‘कुड’ म्हणजे शकलो. सूत्राचा उत्तरार्ध सदोष आहे. ‘मी परीक्षा उत्तीर्ण होऊ शकलो’ हे सांगताना विद्यार्थी ‘आय कुड पास द एक्झाम’ म्हणतो आणि ऐकणाऱ्यास वाटते, हा कदाचित पुढे उत्तीर्ण होईल. मुलाखतीत असा गैरसमज महागात पडतो.

‘कुड’ने भूतकाळातील सर्वसाधारण क्षमता सांगितली जाते: ‘पाचव्या वर्षी मला पोहता येत असे.’ एका प्रसंगी प्रत्यक्ष साधलेल्या गोष्टीस ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’ हवे: ‘नदीला पूर होता, तरी मी पोहून पैलतीर गाठू शकलो.’ (नकारात मात्र ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालते, दिसणे, ऐकू येणे यांनाही सवलत आहे.)

हा भेद आपल्या मुलांना परका नाही. ‘येत असे’ आणि ‘शकलो’ यांत त्यांची गल्लत कधीच होत नाही. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली, तर नियम पाठ करावा लागणार नाही. पण इंग्रजीच्या तासाला मराठी वाक्य लिहिणे कमीपणाचे मानणारे शिक्षक आपल्यातच आहेत, त्याला काय म्हणावे?