राउटर म्हातारा होत नाही. त्याला म्हातारा ठरवले जाते

१/ घरातील वायफाय मंदावले की सल्ला ठरलेला असतो : राउटर जुना झाला, बदलून टाका. दुकानदार हेच सांगतो, इंटरनेट जोडणी देणारा हेच सांगतो आणि संगणकातला जाणकार म्हणून ओळखला जाणारा शेजारीही हेच सांगतो. हा सल्ला अर्धाच खरा आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग गेल्या पंचवीस वर्षांच्या इतिहासाने खोटा ठरवला आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ प्रथम यंत्र समजून घेऊ. राउटर हा एक छोटा संगणकच होय. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि त्याला चालवणारे सॉफ्टवेअर असते. त्याला फर्मवेअर म्हणतात. घरगुती राउटरमध्ये बहुधा एकही फिरता भाग नसतो. झिजतील अशा वस्तू मोजक्याच : उष्णतेने निकामी होणारे कपॅसिटर आणि भिंतीतला अ‍ॅडॉप्टर. मग तो ‘जुना’ होतो म्हणजे नेमके काय होते?

३/ पहिले उत्तर मानकांचे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे नव्या प्रकारच्या दळणवळणासाठी विनापरवाना खुले केले. त्यांत मायक्रोवेव्ह ओव्हनचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाही होता. भारतात हाच पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५ च्या नियमांनी परवानामुक्त झाला. वायफायचा सारा डोलारा या मोकळ्या आकाशावर उभा आहे.

४/ १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग होता २ एमबीपीएस. १९९९ मध्ये तो ११ वर गेला, २००३ मध्ये ५४ वर, २००९ मध्ये ६०० पर्यंत. पुढची मोठी मानके २०१३ आणि २०२१ मध्ये मंजूर झाली. ‘नवा घ्या’ म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद या शिडीवर उभा असतो. परंतु हे आकडे कागदावरचे. ५४ चा राउटर प्रत्यक्षात जेमतेम वीस-पंचवीस देत असे, आणि घरात येणाऱ्या जोडणीपेक्षा अधिक वेगाने कोणताच राउटर इंटरनेट देऊ शकत नाही.

५/ ५० एमबीपीएसची जोडणी घेतलेल्या घरात २०१३ च्या मानकाचा धडधाकट राउटर काढून नवा बसवला, तर निव्वळ मानकामुळे फारसा फरक पडणार नाही. तोटी बदलल्याने टाकीतले पाणी वाढत नसते. म्हणजे ‘जुना’ या शब्दाचे खरे उत्तर अन्यत्र शोधावे लागते. ते एका निळ्या-काळ्या डब्याच्या कथेत सापडते.

६/ डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी मेमरी, ४ एमबी साठवण. काही महिन्यांतच, मार्च २००३ मध्ये, सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरच्या समभागांच्या मोबदल्यात लिंक्सिस विकत घेण्याची घोषणा केली. आपण नक्की काय विकत घेतले, हे सिस्कोला जून उजाडल्यावर कळले.

७/ जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लस यांनी लिनक्सच्या विकासकांसमोर एक गोष्ट मांडली : या राउटरच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सचा परवाना, जीपीएल, एक साधी अट घालतो. कोणीही वापरावे, बदलावे, विकावे. पण ज्याला विकले त्याला सोर्स कोडही द्यावा. लिंक्सिसने राउटर विकला होता, सोर्स कोड मात्र दिला नव्हता.

८/ हा कोड लिंक्सिसने लिहिलेलाही नव्हता. तो चिप बनवणाऱ्या ब्रॉडकॉमकडून आला होता आणि ब्रॉडकॉमने तो तैवानच्या सायबरटॅनकडून करून घेतला होता. पुरवठ्याच्या साखळीत परवान्याची अट कुठेतरी गळून पडली होती. दबाव वाढला आणि त्याच वर्षी कंपनीने सोर्स कोड खुला केला. ग्राहकाच्या हाती प्रथमच आपल्या राउटरची किल्ली आली.

९/ पुढे जे घडले ते कोणत्याही जाहिरातीने घडवले नसते. २००४ मध्ये त्या कोडच्या पायावर ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. नावातली शेवटची अक्षरे त्या राउटरच्या नावातून आलेली. पाठोपाठ डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो आले. महागड्या व्यावसायिक उपकरणांत मिळणाऱ्या अनेक सोयी घरगुती डब्यात आल्या. यंत्र तेच होते, सॉफ्टवेअर बदलले होते.

१०/ यावर कंपनीची प्रतिक्रिया बोलकी आहे. २००५ मध्ये त्याच नावाची पाचवी आवृत्ती आली. तिच्यातून लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली गेली; मेमरी १६ वरून ८ एमबीवर आणि साठवण ४ वरून २ एमबीवर आली. खोके तेच, नाव तेच, किल्ली मात्र परत घेतलेली. ‘नवे ते सरस’ म्हणणाऱ्यांनी ही पाचवी आवृत्ती विसरू नये.

११/ जाणकार ग्राहक नाराज झाले. मग कंपनीने जुनीच लिनक्सवाली रचना डब्ल्यूआरटी५४जीएल या नावाने पुन्हा विक्रीस ठेवली. २००५ ची ती रचना २०१६ मध्येही विकली जात होती. तेव्हा बाजारात तिच्याहून कित्येक पटींनी वेगवान राउटर होते. लोक वेगासाठी ती घेत नव्हते. जे घेतले ते आपल्या मालकीचे राहावे, यासाठी घेत होते.

१२/ आता मंदावण्याकडे येऊ. २०१० च्या सुमारास बेल लॅब्जमधील जिम गेटिस यांना स्वतःच्या घरच्या जाळ्यात विचित्र विलंब आढळला. कारण उपकरणांच्या अतिमोठ्या बफरमध्ये निघाले. माहितीची पाकिटे टाकून देण्याऐवजी ती लांबलचक रांगेत उभी केली जात, आणि एका मोठ्या अपलोडमागे घरातले सारेच ताटकळत. या दोषाला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळाले.

१३/ २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. पाकीट रांगेत किती वेळ थांबले ते मोजायचे आणि विलंब साचू लागला की वेळीच पाकीट टाकून पाठवणाऱ्याला सावध करायचे. तिच्यावर आधारलेली सुधारणा त्याच वर्षी लिनक्समध्ये आली आणि ओपनडब्ल्यूआरटीने ती लवकरच स्वीकारली. तेव्हाच्या साध्या घरगुती राउटरवरही हा विलंब कमी झाला, तो केवळ सॉफ्टवेअरने.

१४/ म्हणून ‘मंदावला, म्हणजे म्हातारा झाला’ हे निदान नव्हे. दोष रांगेचा असू शकतो, शेजारच्या वीस राउटरनी भरलेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा असू शकतो, किंवा राउटर लोखंडी कपाटामागे ठेवल्याचा असू शकतो. यांतल्या शेवटच्या कारणावर तर नवा राउटरही उपाय नाही. तोही त्याच कपाटामागे जाणार असतो.

१५/ येथे ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्या पंथाने टाळ्या वाजवू नयेत. त्यांची चूक अधिक धोकादायक आहे. वायफायची पहिली सुरक्षापद्धती वेप. तिचे मर्म फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी २००१ मध्येच भेदले. डब्ल्यूपीए२ २००४ मध्ये आली. तिच्यातील त्रुटी मॅथी व्हॅनहूफ यांनी २०१७ मध्ये दाखवली. ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून बुजवता येत होती. ज्या राउटरला अद्यतनच आले नाही, त्याचे भोक तसेच राहिले.

१६/ २०१६ मध्ये मिराई या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेले साठेक ठरलेले पासवर्ड वापरून कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या एका अवताराच्या हल्ल्यात जर्मनीतील डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. गडाचा तट कितीही उंच असो, दिंडी दरवाजा उघडा राहिला की तट शोभेचा ठरतो.

१७/ जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने एक कारवाई जाहीर केली. चीनशी संबंधित मानल्या गेलेल्या हल्लेखोरांनी घरे आणि लहान कार्यालयांतले शेकडो राउटर आपल्या आडोशासाठी वापरले होते. त्यांतील बहुसंख्य सिस्को आणि नेटगियरचे ‘आयुष्य संपलेले’ राउटर होते. आयुष्य संपलेले म्हणजे बंद पडलेले नव्हे. ते चालूच होते. कंपनीने त्यांना सुरक्षा अद्यतने देणे थांबवले होते.

१८/ हाच या साऱ्या वादाचा गाभा. राउटरच्या मृत्यूची तारीख त्याच्या यंत्रात नसते; ती उत्पादकाच्या निर्णयात असते. औषधाच्या पाकिटावर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. राउटर घेताना मात्र त्याला सुरक्षा अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, हे खोक्यावर सहसा सापडत नाही. ग्राहक आयुष्य किती हे न कळताच वस्तू घेतो आणि नंतर तिला म्हातारी म्हणून दोष देतो.

१९/ उत्पादकांचा बचाव असा : प्रत्येक जुने मॉडेल अनंतकाळ सांभाळणे परवडत नाही. हे मान्य. ओपनडब्ल्यूआरटीनेही ४ एमबी साठवणीच्या जुन्या राउटरना कालांतराने निरोप दिला, कारण नवे सॉफ्टवेअर त्यांत मावेना. पण स्वतः सांभाळायचे नाही आणि दुसऱ्याला सांभाळूही द्यायचे नाही, हा कुठला न्याय? ब्रॉडकॉमचे वायरलेस ड्रायव्हर बंदिस्त असल्याने अनेक राउटर खुल्या सॉफ्टवेअरवरही वर्षानुवर्षे लिनक्सच्या जुन्या २.४ कर्नलला जखडून राहिले.

२०/ दुसरा बचाव रेडिओच्या नियमांचा : ग्राहक मर्यादेपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करील, म्हणून कुलूप हवे. या बचावाचे उत्तर खुद्द नियामकानेच दिले. ऑगस्ट २०१६ मध्ये एफसीसीने टीपी-लिंकशी २ लाख डॉलरची तडजोड केली. त्यात शक्तीमर्यादेच्या उल्लंघनाचा दंड होता. सोबत खुल्या फर्मवेअरला वाव मिळावा यासाठी त्या समुदायाबरोबर काम करण्याची अटही होती. रेडिओची मर्यादा राखणे आणि सारा संगणक कुलूपबंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२१/ कायदाही हळूहळू या निष्कर्षाकडे वळत आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सर्वांसाठी एकच ठरावीक पासवर्ड ठेवण्यास मनाई झाली, आणि सुरक्षा अद्यतनांचा किमान कालावधी जाहीर करणे बंधनकारक झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या कायद्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत.

२२/ मग जुना राउटर बदलावा की नाही? इतिहास चार कसोट्या देतो. एक : तळाच्या लेबलवरचे मॉडेल आणि आवृत्ती पाहून कंपनीची अद्यतने अजून येतात का ते तपासावे. नावापुरते मॉडेल पुरत नाही. चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीतला फरक वर आलाच आहे. दोन : किमान डब्ल्यूपीए२ आहे का? केवळ वेप असेल तर विचारच नको, राउटर बदलावा.

२३/ तीन : वेग आधी केबल लावून मोजावा, मग वायफायवर. केबलवरच कमी असेल तर दोष जोडणीचा असू शकतो, किंवा राउटरच्या बंदराचा. १०० एमबीपीएसच्या बंदरातून ३०० ची जोडणी कधीच पुरी उतरणार नाही आणि तेथे बदल न्याय्य आहे. चार : अद्यतने थांबली असतील, तर त्या आवृत्तीला ओपनडब्ल्यूआरटीचा आधार आहे का ते त्यांच्या यादीत पाहावे. असेल तर राउटरला दुसरा जन्म आहे. नसेल तर जड अंतःकरणाने नव्हे, निःशंकपणे तो काढावा आणि अधिकृत ई-कचरा संकलनात द्यावा.

२४/ आणि नवा घेताना दुकानात अँटेना मोजत बसू नये. दोन प्रश्न विचारावेत : याला सुरक्षा अद्यतने कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? आणि ती थांबल्यावर याचे सॉफ्टवेअर मला बदलता येईल का? उत्तर न मिळाल्यास ते उत्तरच समजावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सीने ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा मुळातच खुला राउटर आणला. म्हणजे हे अशक्य आहे, ही सबबही आता उरलेली नाही.

२५/ २००३ मध्ये काही लोकांनी एका स्वस्त डब्याचा सोर्स कोड मागितला, तेव्हा ती मूठभर हौशी मंडळींची कटकट वाटली असेल. त्या मागणीने घराघरांतील यंत्रांचा इतिहास बदलला, कारण ती मुळात वेगाची मागणी नव्हती, मालकीची होती. ज्या वस्तूचे पैसे ग्राहकाने मोजले, तिचे आयुष्य किती हे ठरवण्याचा अधिकारही विकत घेणाऱ्याचाच असला पाहिजे. धागा समाप्त.